गुडघेदुखी आणि नाव नसलेली पुडी

परभणी जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळून त्याचा सारांश येथे देत आहे.

पत्रलेखिकेचे वय ६९ आहे. गेली सात-आठ वर्षे त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यातही उजवा जास्त. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे पाय आखडलेले राहतात आणि मग मोकळे होतात. जिना उतरताना कळ येते, उठता-बसता गुडघ्यातून कटकट आवाज येतो आणि भजनाला मांडी घालून बसणे तर केव्हाच सुटले आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. नांदेडच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून झीज असल्याचे सांगितले, व्यायाम शिकवले, फार दुखेल तेव्हाच घ्यायची गोळी लिहून दिली आणि पुढे कधीतरी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया लागू शकेल अशी कल्पना दिली. झिजलेला सांधा हलवला तर आणखी झिजेल या भीतीने व्यायाम त्यांनी केलेच नाहीत. दिवाळीत नणंदेने आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या एका औषधवाल्याकडून तपकिरी चूर्णाच्या पुड्या आणून दिल्या. रोज दोन पुड्या सुरू केल्यावर चार दिवसांत दुखणे जवळजवळ थांबले आणि तुळजापूरच्या पायऱ्याही त्या न थांबता चढल्या. भूक वाढली, चेहरा भरला, तब्येत सुधारली असे सगळे म्हणू लागले. मात्र दोन दिवस पुडी चुकली की दुखणे दुपटीने परत येते आणि अलीकडे साखर वाढल्यामुळे मधुमेहाच्या गोळीचा डोस वाढवावा लागला. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "ते आयुर्वेदिक सगळं बंद कर आणि ऑपरेशन करून घे." यजमान म्हणतात, "जडीबुटी आहे, गुण नाही आला तरी अपाय काय होणार?" पुड्या चालू ठेवाव्यात का, गुडघेदुखी मुळापासून घालवणारे खात्रीचे आयुर्वेदिक औषध कोणते आणि पुढच्या आषाढीला पायी पंढरपूर गाठता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. चार दिवसांत आलेला गुण, वाढलेली भूक, भरलेला चेहरा, वाढलेली साखर आणि पुडी चुकताच दुपटीने उसळणारे दुखणे या पाच गोष्टी तुम्ही पत्रात वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या आहेत. मी त्या एकत्र वाचल्या तेव्हा मला काळजी वाटली. गुडघ्याच्या झिजेवर आम्ही वैद्य जी औषधे देतो, ती सालई (सालईच्या झाडाचा डिंक) असो, गुग्गुळ असो की सुंठ, त्यांचा गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात. चार दिवसांत पायऱ्या चढवणारे चूर्ण समोर आले की त्यात डेक्सामिथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉईड, नाहीतर डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक कुटून मिसळले असावे, ही शंका प्रथम घ्यावी लागते. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांत अशी भेसळ यापूर्वी अनेकदा सापडलेली आहे. तुमच्या पुडीत ती आहेच, असे तपासणीशिवाय मी म्हणू शकत नाही. परंतु स्टेरॉईडने भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतात आणि हाडे ठिसूळ होतात, आणि यातली बरीचशी लक्षणे तुमच्या पत्रात आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे वाचून आजच्या आज पुड्या उकिरड्यावर टाकून मोकळ्या होऊ नका. स्टेरॉईड महिनोन्‌महिने पोटात गेले की मूत्रपिंडावरची अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथी तसलेच आपले नैसर्गिक द्रव्य, म्हणजे कॉर्टिसोल, तयार करण्याचे काम मंद करते. बाहेरून मिळणारे द्रव्य एकदम थांबले तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणे असे प्रकार होऊ शकतात आणि कधी ते जिवावरही बेततात. म्हणून याच आठवड्यात तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे उरलेल्या पुड्या घेऊन जा, केव्हापासून आणि किती घेता ते काही न लपवता सांगा आणि त्या कशा कमी करत थांबवायच्या हे त्यांना ठरवू द्या. ते साखर, रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम आणि कदाचित सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी करतील. दरम्यान ताप, उलट्या किंवा ग्लानी आली तर वाट न पाहता जवळचे शासकीय रुग्णालय गाठा आणि पुडी सोबत न्या. बाजारातले औषध घेतले हे सांगायला अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः शिकलेल्या माणसांना. तुम्ही तो ठेवू नका. डॉक्टरांना ही एक गोष्ट ठाऊक नसेल तर तुमच्या वाढलेल्या साखरेवर ते गोळ्या वाढवत राहतील आणि कारण जागच्या जागी राहील.

यजमानांचे म्हणणे मी रोज ऐकते. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याला आयुर्वेदाचाच आधार आहे असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, न जाणलेले औषध हे विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्यासारखे असते आणि नीट जाणलेले औषध अमृतासारखे असते, असे स्वच्छ म्हटले आहे. तुमच्या पुडीत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, नणंदेला ठाऊक नाही आणि ज्याला ठाऊक आहे त्याने कागदावर लिहिलेले नाही. म्हणजे चरकांच्याच कसोटीवर ही पुडी उतरत नाही. तेव्हा ती सोडताना तुम्ही आयुर्वेद सोडत आहात असे मनात आणू नका. मुलानेही दोन्हींची गल्लत करू नये.

यापुढे कोणतेही आयुर्वेदिक औषध घेताना पाकिटावर घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली आहे का ते पाहा. अर्थात परवाना असला म्हणजे सारे निर्धोक झाले असेही नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली तेव्हा त्यांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. भस्मे आणि रसौषधी, म्हणजे धातू किंवा पारा वापरून केलेली औषधे, स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नयेत, असे मी सांगते ते यासाठी. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे सारखी दिसतात, परंतु दुसऱ्यात धातूंची भस्मे असतात. दुकानात एकाऐवजी दुसरे हातात पडले तर ते परत करा.

तुमचा दुसरा प्रश्न मुळापासून बरे होण्याचा आहे. त्याआधी आजार कोणता हे पक्के करू, कारण आपल्या भागात गुडघा दुखला की 'वात' एवढ्या एकाच नावावर भागवले जाते आणि शेजारणीला लागू पडलेले औषध आपणही घेतो. तुमचा त्रास चरकांनी वातव्याधींच्या अध्यायात वर्णन केलेल्या संधिगत वाताशी जुळतो. त्यात सांध्याला सूज येते आणि पाय पसरताना-दुमडताना वेदना होतात. आमवात हा वेगळा. त्यात हाताच्या बोटांचे सांधेही सुजतात, सकाळचा आखडलेपणा तासभर टिकतो, अंगात कसकस असते आणि सुजलेल्या सांध्याला तेल चोळले तर दुखणे वाढते. म्हणून तेथे तेल वर्ज्य करून तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. वातरक्तात पायाचा अंगठा अचानक लालबुंद होऊन ठणकतो, तेव्हा युरिक ॲसिड तपासावे लागते. तुमच्यासारखा त्रास असलेल्या इतर वाचकांनीही हा फरक ध्यानात घ्यावा. गुडघा एकाएकी सुजला, तापला आणि ताप आला तर तो कोणत्याही घरगुती उपचाराचा विषय नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता संधिगत वात मुळापासून जातो का? ताई, या वयात आणि इतक्या वर्षांनंतर झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) पुन्हा भरून आणणारे औषध आयुर्वेदात नाही आणि ॲलोपॅथीतही नाही. जो 'गॅरंटीने' म्हणतो त्याच्याकडून काही घेऊ नये. सांधेदुखीसह अनेक आजारांवर चमत्कारिक गुणाच्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरीही त्या भिंतीभिंतीवर दिसतात. काही आजार याप्य असतात, म्हणजे पथ्य आणि उपचार चालू असेपर्यंत ते आटोक्यात राहतात, असे आयुर्वेद मोकळेपणाने सांगतो. तुमच्या गुडघ्यांना मी त्यात धरते. दुखणे निम्म्यावर यावे, रात्री झोप लागावी, घरातली कामे आणि देवदर्शन दुसऱ्याच्या आधाराशिवाय व्हावे, हे उद्दिष्ट ठेवले तर ते गाठता येण्यासारखे आहे, आणि त्यात आयुर्वेदाची खरोखर मदत होते.

ती मदत सर्वांत आधी बाहेरून होते. तेल आणि शेक हे दोन उपाय तुमच्यासारख्या मधुमेह-रक्तदाब असलेल्या रुग्णाला पोटातल्या औषधांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, आणि लोक नेमके तेच उरकून टाकल्यासारखे करतात, म्हणून जरा विस्ताराने सांगते. साधे तिळाचे तेल चालेल, महानारायण तेल मिळाले तर उत्तम. तेलाची वाटी थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. पलंगाच्या कडेला किंवा खुर्चीवर बसून पाय समोरच्या स्टुलावर लांब ठेवा, गुडघ्याखाली घडी केलेली चादर घ्या. मांडीवर आणि पोटरीवर लांब हात फिरवा आणि गुडघ्याच्या वाटीभोवती गोलाकार. जोर लावून रगडायचे नाही, दहा-पंधरा मिनिटे सावकाश जिरवायचे. मांडीचा पुढचा स्नायू विसरू नका, कारण गुडघ्याचा भार पुष्कळसा तोच पेलतो. त्यानंतर निर्गुडीचा पाला शेकासाठी घ्या. आपल्याकडे ओढ्याकाठी आणि बांधावर तो भरपूर असतो आणि काही गावांत त्याला निगडी म्हणतात. एरंडाची पानेही चालतात. पाला चिरून, चमचाभर तेलावर तव्यात परतून सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि तिने शेका.

येथे एक दक्षता अवश्य घ्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि भाजल्याचे कळतही नाही, त्यामुळे पुरचुंडी आधी यजमानांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी आणि मगच तुमच्या गुडघ्याला लावावी. गुडघा लाल किंवा गरम लागत असेल त्या दिवशी तेल आणि शेक दोन्ही बंद ठेवावेत.

जानुबस्ती हा याच्या पुढचा टप्पा. उडदाच्या पिठाची कणीक मळून गुडघ्याभोवती तिचे गोल आळे करतात, त्यात कोमट तेल भरतात आणि ते थंड झाले की बदलत सुमारे अर्धा तास ठेवतात. नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयातील पंचकर्म विभागात याची चौकशी करावी. खासगी केंद्रात मोठ्या रकमेचे पॅकेज आधीच भरायला सांगितले तर भरू नका, थोडे दिवस करून पाहून मग पुढचे ठरवा. बस्तीने काही आठवडे आराम पडतो, कायमचा पडत नाही, आणि त्या आरामाच्या आठवड्यांत व्यायाम सुरू करणे हाच तिचा खरा उपयोग आहे.

बाहेरून लावण्याच्या उपायांतही सगळेच सौम्य नसतात. विषगर्भ तेलात बचनाग ही विषारी वनस्पती असते, ते जखमेवर लावायचे नाही, लावल्यावर हात साबणाने धुवायचे आणि बाटली नातवंडांच्या हाती लागू द्यायची नाही. रुईच्या पानांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बिब्बा लावणे आणि तापलेल्या सळईने डाग देणे हे प्रकार आपल्या गावांत अजून चालतात. बिब्ब्याने उठलेले फोड आणि त्यातून चिघळलेले पाय मी पाहिले आहेत. मधुमेही माणसाच्या पायावर मुद्दाम जखम करणाऱ्याला, तो कितीही नावाजलेला असला तरी, गुडघा दाखवूच नये.

पोटातून घेण्याच्या औषधांकडे वळते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांच्या मिश्रणांची तुलना ग्लुकोसामाईन आणि सेलेकॉक्सिब या औषधांशी केली होती. दुखणे आणि हालचाल यांबाबतीत आयुर्वेदिक मिश्रणे त्यांच्या बरोबरीची ठरली. त्याच अभ्यासात काही रुग्णांच्या, विशेषतः आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्यांच्या, रक्तातील एसजीपीटी (यकृतावर ताण आल्याची खूण) वाढलेले आढळले आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. बर्लिनमधील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १५१ रुग्ण होते. तेथे मर्दन, आहार, योगासने आणि औषधे असा एकत्रित आयुर्वेदिक उपचार १२ आठवडे देण्यात आला आणि नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने अधिक आराम पडला. मात्र आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना ठाऊक होते, हेही लक्षात ठेवायला हवे. तुमच्या मुलाने हे वाचावे, असे मला वाटते. ही औषधे थोतांड नाहीत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते हेही तितकेच खरे आहे.

तुमच्या बाबतीत मी घाई करणार नाही. पुड्यांचा प्रश्न मिटेपर्यंत पोटातून नवीन काहीच नको. त्यानंतर बीएएमएस किंवा एमडी झालेल्या नोंदणीकृत वैद्यांना प्रत्यक्ष भेटा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे त्यांच्यासमोर ठेवा आणि यकृत व मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या करून मगच एक औषध सुरू करा. एका वेळी एकच, म्हणजे गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला हे कळते. मी स्वतः तुमच्यासारख्या रुग्णाला सालईपासून सुरुवात करते. गुग्गुळामुळे रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे, उदाहरणार्थ डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल यांचे शोषण कमी होऊ शकते आणि थायरॉईडच्या रुग्णांनीही तो विचारल्याशिवाय घेऊ नये. अश्वगंधेने साखर व रक्तदाब आणखी उतरू शकतात आणि क्वचित यकृतालाही त्रास होतो. दशमूलारिष्टासारख्या अरिष्टांत गूळ असतो आणि आंबवण्यातून तयार झालेले मद्यही थोडे असते, म्हणून मधुमेहात ती टाळावीत, काढा लागलाच तर गुळाशिवायचा घ्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वाचकांनी हळदीच्या आणि सुंठीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. भाजीतली हळद आणि चहातली सुंठ यांची कोणालाच भीती नको. सुंठीच्या काढ्यात एरंडेल घेण्याची रीत जुनी आहे, परंतु ती प्रामुख्याने आमवातासाठी सांगितलेली आहे आणि उतारवयात रोज एरंडेल घेतल्याने जुलाब होऊन शरीरातले पाणी घटते.

सहा ते आठ आठवडे औषध घेऊन पाहावे. रोज रात्री वहीत दुखण्याला दहापैकी गुण द्यावेत. तुम्ही शिक्षिका होतात, हे काम तुमच्या हातचे आहे. आठ आठवड्यांनी आकडा खाली आलेला नसेल तर ते औषध बंद करावे. 'आणखी थोडे दिवस' म्हणत वर्षे काढू नयेत.

आहाराविषयी फार बोलत नाही, कारण त्यात लोक आधीच नको तितके अडकतात. वांगे वातूळ, बटाटा वातूळ, उडीद जड, ताक आंबट असे म्हणत म्हणत ताटात भाकरी आणि चटणीच उरते आणि मांडीचे स्नायू उपाशी राहतात. तुम्हाला प्रथिने हवीत: मुगाचे वरण, हरभऱ्याचे पिठले, ताक, दूध, चालत असेल तर अंडे. ज्वारीची भाकरी, तीळ आणि जवसाची चटणी उत्तमच. डिंकाचे आणि मेथीचे लाडू गूळ-तुपाचे असतात, साखर आटोक्यात येईपर्यंत ते राहू द्या. ड जीवनसत्त्व आणि बी १२ एकदा तपासून घ्या. वजनाचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण ते जास्त असेल तर प्रत्येक कमी झालेल्या किलोमागे गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोने हलका होतो. असा गुण मला माहीत असलेल्या कोणत्याही जडीबुटीत नाही.

आणि आता तो व्यायाम, जो तुम्ही भीतीने सोडला. तुमच्या सगळ्या समजुतींपैकी हीच तुम्हाला सर्वांत महाग पडली आहे. गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस नाही की जितका फिरेल तितका झिजेल. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांधा हलतो आणि दाबला-सुटतो तेव्हाच आतल्या द्रवातून तिला पोषण मिळते. बसून राहिले की कूर्चा उपाशी राहते, मांडीचा स्नायू वाळतो, सगळा भार हाडांवर येतो, दुखते म्हणून माणूस आणखी बसतो आणि हे चक्र थांबत नाही. आयुर्वेदानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, तो टाळावा असे सांगितलेले नाही.

तेल आणि शेक झाल्यावर सांधा मोकळा असतो, तेव्हाच सुरुवात करा. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबून पाच अंक मोजा, असे दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक गुडघा दुमडा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरा. तिसरा व्यायाम खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा आणि खुर्ची भिंतीला टेकवा. व्यायामाने थोडे दुखणे चालते. परंतु वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिले तर त्या दिवशी संख्या निम्मी करावी, बंद करू नये. सपाट रस्त्यावर, चांगल्या चपला किंवा बूट घालून रोज चाला. काठी डाव्या हातात धरा, कारण दुखरा पाय उजवा आहे आणि काठी नेहमी विरुद्ध हाताला लागते. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आधी पायऱ्या उतराव्या लागतात, तेथे कठडा सोडू नका.

घरातही थोडे बदल करायला हवेत. उकिडवे बसून भांडी घासणे, निवडणे-टिपणे, भारतीय पद्धतीचा संडास या गोष्टी गुडघ्याला फार ताणतात. संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची आता तालुक्याच्या गावीही मिळते. भजनात आणि कीर्तनात खुर्चीवर बसणे म्हणजे देवाचा आणि ज्येष्ठांचा अनादर, असे आपल्याकडच्या अनेक बायका मानतात, आणि त्यापायी घरीच राहतात. तुम्ही खुर्ची घेऊन जा. तुमच्या मागे आणखी दोघी-तिघी येतील, मला खात्री आहे. वारीबाबत म्हणाल तर यंदा पूर्ण वाट पायी चालण्याचा हट्ट नको. सोबतच्या वाहनाची सोय असलेल्या दिंडीत जा, सकाळचा थोडा पल्ला चाला आणि बाकीचा वाहनाने करा. व्यायाम करून रोज तासभर सपाटीवर चालणे जमू लागले तर पुढच्या वर्षी पल्ला वाढवायचा विचार करता येईल.

वेदनाशामक गोळीबद्दलही सांगायला हवे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत डायक्लोफेनॅकसारखी गोळी वारंवार घेतली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गुडघ्यावर लावायचे त्याचे जेल बरेच सुरक्षित असते. दुखण्याच्या दिवशी कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि वैद्यांचा कागद डॉक्टरांना व डॉक्टरांचा कागद वैद्यांना दाखवण्याची सवय ठेवा.

शस्त्रक्रियेबद्दल तुमच्या मुलाचे सर्वस्वी चुकत नाही. रात्रीची झोप गुडघ्यामुळे मोडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, पाय बाहेर वाकला असेल किंवा गुडघा अचानक दगा देत असेल आणि काही महिने नेटाने व्यायाम व उपचार करूनही फरक नसेल, तर गुडघा बदलणे हा चांगला उपाय आहे आणि त्याला आयुर्वेदाचा विरोध नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही अजून त्या टप्प्यावर आलेल्या दिसत नाही. शिवाय वाढलेली साखर आणि स्टेरॉईडची शंका असताना शस्त्रक्रिया केली तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, म्हणजे घाई केली तरी ते सारे आधी निस्तरावेच लागेल. खर्चाची भीती असेल तर एवढे ठाऊक असू द्या की कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली होती. रुग्णालयाचा बाकीचा खर्च वेगळा असतो, त्यामुळे एकूण अंदाजपत्रक लेखी मागावे आणि शासकीय योजनेत काही बसते का हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

तेव्हा मुलाला हे पत्र दाखवा आणि फोनवर वाद घालण्याऐवजी त्याला दोन दिवसांची रजा काढून यायला सांगा. पहिल्या दिवशी त्याने तुमच्यासोबत पुड्या घेऊन मधुमेहाच्या डॉक्टरांकडे यावे. दुसऱ्या दिवशी नांदेडला अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधीचा एक्स-रे उभे राहून काढलेला होता का ते विचारा. झोपून काढला असेल तर उभ्याने पुन्हा काढून घ्यावा, कारण सांध्यातले अंतर किती उरले आहे हे भार पडलेला असतानाच नीट दिसते. विसरलेले व्यायाम त्यांच्याकडील फिजिओथेरपिस्टकडून पुन्हा शिकून घ्या आणि मुलाला मोबाईलवर त्यांचे चित्रीकरण करून ठेवायला सांगा.